आक्काची रांग

आक्का, तुझ्या पुण्यानुमोदनाला तो आला होता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात भला मोठा हार. तुझ्या फोटोला हार घातला, डोळे मिटून उभा राहिला आणि मग पहिल्या रांगेत येऊन नेमका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. त्या वेळी माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते तुला कळलं असतं तर फोटोतून बाहेर येऊन माझा कान पिळला असतास.

तो म्हणजे प्रकाशक. ज्याच्या वकिलाच्या नोटिशीनं तुझं ऑनलाइन ग्रंथालय बंद पडलं, तो. तू शेवटपर्यंत त्याला ‘प्रकाशकसाहेब’ म्हणत राहिलीस. मी काय म्हणायची ते इथं लिहिता येत नाही.

त्याला बोलायला उभं केलं. म्हणाला, बाईंसारखी पुस्तकांवर जीव लावणारी माणसं आता राहिली नाहीत, निपाणीसारख्या ठिकाणी बसून त्यांनी केवढं काम केलं, आणि म्हणून बाईंच्या स्मरणार्थ आम्ही ते दुर्मिळ पुस्तक पुन्हा छापणार आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या शाळेतल्या बायांनी डोळे पुसले. मी मांडीवरचा रुमाल पिळत बसले. ज्या पुस्तकापायी त्यानं तुला चोर ठरवलं, तेच पुस्तक. आणि दुर्मिळ म्हणे. दुर्मिळ कुणी केलं ते? एकदा छापलं, संपलं, आणि तीस-बत्तीस वर्षं त्याकडं ढुंकून पाहिलं नाही. तू तीन वेळा पत्र लिहून विचारलंस, पुन्हा कधी काढताय. एकाचंही उत्तर आलं नाही. नोटीस मात्र कशी टपकन आली.

त्या पुस्तकाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. त्याची फुकटची जाहिरात मी का करू?

पण पुस्तक कसलं होतं ते सांगायला पाहिजे. आपल्या गल्लीतल्या पारूमावशीनं लिहिलेलं. पारूमावशी बिड्या वळायची, आपली आई वळायची, सगळी गल्लीच वळायची. चौथीपर्यंत शिकलेली ही बाई वहीवर वही भरत गेली आणि तिची हकिकत छापून आली. तू तेव्हा नुकती नोकरीला लागली होतीस. शाळा सुटल्यावर घरी यायचीस, चहा प्यायचीस आणि ओट्यावर बसून बायांना ते वाचून दाखवायचीस. बाया मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, हात कुणाचे थांबायचे नाहीत. पारूमावशी स्वतः त्यात बसलेली. मधेच म्हणायची, “असं न्हाय झालतं गं, लिवताना चुकलं माझं.” मग सगळ्या हसायच्या आणि खरं कसं झालं होतं ते तिच्याकडून पुन्हा ऐकायच्या.

त्यात एक पान आपल्या आईवर आहे. पोटात कळा येत असताना तिनं हजार बिड्यांची भरती पुरी केली आणि मग सुईण बोलावली, ते पान. म्हणजे त्या पानावर मीसुद्धा आहे, आईच्या पोटात. आईला वाचता येत नव्हतं, पण ते पान कुठं येतं ते तिला माहीत होतं. आलं की म्हणायची, “पुन्यांदा वाच.” आपल्या आईचं नाव छापलेलं जगात दुसरं काही नाही, आक्का. रेशनकार्डावरसुद्धा चुकीचं होतं.

पारूमावशीला मूलबाळ नव्हतं. हक्क तिनं प्रकाशकाला लिहून दिलेले. जाताना तिच्याकडची एकुलती एक प्रत तिनं तुला दिली. ती तू जपलीस आणि तिच्याबरोबर आणखी दोनशेक पुस्तकं. निपाणीपासून खानापूरपर्यंत जिथं जिथं मराठी वाचनालय बंद पडतंय असं कानावर यायचं तिथं तू पिशव्या घेऊन हजर. बसचे कंडक्टर तुला ओळखायला लागले होते. निवृत्त झाल्यावर तू मला बेळगावच्या वडगावातून बोलावून घेतलंस. माझ्या नवऱ्याचे माग चालू, मी कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर, आणि तू म्हणतेस, मंगे, ही पुस्तकं इंटरनेटवरनं वाचायला द्यायची हायत, काय करायचं ते कर.

केलं. दर रविवारी बस धरून निपाणीला आले, एकेक पान स्कॅन केलं. आणि मग तू तुझा नियम काढलास.

एक पुस्तक, एक वाचक. पुणे असो, बेंगळुरू असो, कुणी एकानं फाइल घेतली की चौदा दिवस दुसऱ्या कुणाला मिळायची नाही. मुदत संपली की फाइल आपोआप बंद. बाकीच्यांनी रांगेत नाव लावायचं. इथपर्यंत मला समजत होतं. पण तू तिथंही थांबली नाहीस. फाइल बाहेर गेली की कागदाचं पुस्तक तू कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायचीस, त्याला बिडीचा दोरा बांधायचीस आणि स्वतःसुद्धा उघडायची नाहीस. पुस्तक बाहेर गेलंय म्हणायचीस. समोर दिसतंय, हात लावला तर हाताला लागतंय, आणि म्हणे बाहेर गेलंय!

किती भांडलो आपण त्यावरनं. आईच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे आपल्यात तसलं काही करत नाहीत, पण त्या दिवशी मी सहज आले होते आणि मला ते आईचं पान बघायचं होतं. पुस्तकाला दोरा. तू म्हणालीस, कोल्हापूरच्या एका पोरीकडं गेलंय, बुधवारी येतंय, नाव लाव. मी म्हटलं, आक्का, ती आपली आई हाय. तू म्हणालीस, व्हय, आणि त्या पोरीची आज्जी बी त्याच पुस्तकात हाय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी न जेवता निघून आले आणि पंधरा दिवस तुझा फोन उचलला नाही. नाव मात्र लावलं होतं. तेही तू बघितलं असशील आणि गालातल्या गालात हसली असशील.

मी तुला म्हणत होते, सगळं खुलं करून टाक, कोण विचारतंय? तू म्हणायचीस, आपल्याकडं प्रत एक हाय, मग एका वेळी एकानंच वाचायचं. दोघांना दिलं तर ती दुसरी प्रत आली कुठनं? ती चोरीची झाली. असल्या बाईला त्यानं चोर म्हटलं.

नोटीस इंग्रजीतनं होती. चार पानं. बेकायदा प्रत, बेकायदा वितरण, नुकसानभरपाई, फौजदारी कारवाई. ती माझ्या हातात पडायच्या आधी तू काय करून बसलीस ते आठवलं की आजही कपाळावर हात मारावासा वाटतो. पोस्टमन सकाळी येऊन गेला आणि दुपारी तू उत्तर टाकून आलीस. ‘माझ्याकडून चूक झाली आहे, ती मी मान्य करते, क्षमा असावी, ग्रंथालय आजपासून बंद करत आहे.’ खाली सही, शाळेतल्या रजिस्टरवर करायचीस तशी ठसठशीत. आणि मग संध्याकाळी मला फोन.

मी फोनवर इतकी ओरडले की शेजारच्या मागावरची माणसं बघायला लागली. तू शांतपणे म्हणालीस, “मोठ्या माणसांचा कागद आलाय मंगे. आधी माफी मागायची, मग काय ते बघायचं.”

हे तुला कुणी शिकवलं ते मला ठाऊक आहे. आईनंच. कारखान्यात बिड्या द्यायला गेलं की तो तपासणारा पसाभर बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. पान खराब, दोरा सैल, काहीही कारण. बायांनी तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी पानं मुद्दाम वाईट मिळायची. म्हणून आई म्हणायची, व्हय साहेब, चुकलं साहेब. आणि छाट म्हणून काढलेल्या बिड्या तो फेकायचा थोड्याच? ठेवून घ्यायचा. हा प्रकाशक तसाच. पुस्तक नको म्हणून बाजूला टाकलं, आणि दुसऱ्या कुणी हात लावला की माझं म्हणून धावत आला. आणि तू, छत्तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई, आईसारखीच म्हणालीस, चुकलं साहेब. मला तुझाही राग येतो, आक्का. आज बोलायचंच आहे तर हेही बोलते.

बेळगावच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंना मी नंतर कागद दाखवले. त्या म्हणाल्या, कायदा सगळाच तुमच्या बाजूनं आहे असं नाही. ज्या ग्रंथालयाकडं पुस्तकाची प्रत आहे आणि जे पैसे कमवत नाही, त्याला जतनासाठी फाइल करून ठेवायची मुभा आहे. ती फाइल घरोघर वाचायला द्यावी का, यावर वाद होऊ शकतो. पण लढण्यासारखं नक्की होतं, त्यात तुमच्या बहिणीचा तो एका वेळी एकाचा नियम म्हणजे मोठी जमेची बाजू. मग तुझं माफीपत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं आणि चहा मागवला.

त्यानं तुझं ते पत्र पेपरात दिलं. एका स्थानिक पेपरात बातमी आली, ‘निवृत्त शिक्षिकेकडून पुस्तकांची ऑनलाइन चोरी?’ पुढं प्रश्नचिन्ह टाकलं की हे हात झटकून मोकळे. तू भाजी आणायला जायचं बंद केलंस. ज्या पोरांना तू बाराखडी शिकवलीस त्यातला एक जण चौकात हसून म्हणाला, काय बाई, आमचं बी एक पुस्तक चोरून द्या की. तू मला हे सांगितलंस तेव्हा तूही हसलीस. मला नाही हसू आलं. सात महिन्यांनी तू गेलीस. डॉक्टर म्हणतात हृदय. असेल. मी तर त्या चार पानांचं नाव घेते आणि घेत राहणार.

आता जे सांगते ते मी तुला कधीच सांगितलं नाही.

नोटिशीला पुरावा म्हणून जोडलेल्या कागदांत एका मेसेजचा फोटो होता. ‘दुर्मिळ पुस्तक मोफत! कुणीही वाचा, कितीही जणांनी वाचा! पुढे पाठवा!’ कुणी लिहिलं ते त्यात दिसत नव्हतं, शंभर ठिकाणी फिरून आलेला मेसेज. तू चष्मा पुसून पुसून तो वाचलास आणि म्हणालीस, “कुणी लिवलं असंल गं हे? एका वेळी एकच वाचतंय म्हणून ह्याला कुणी सांगितलं न्हाय व्हय?”

मी म्हटलं, काय म्हाईत.

मी लिहिला होता, आक्का. त्या पंधरा दिवसांत, जेव्हा तुझा फोन उचलत नव्हते. रागाच्या भरात. तुझ्या नियमाला चिडून, कितीही जणांनी वाचा असं ठोकून दिलं. साइटवर नियम तोच होता, रांग तीच होती, मेसेज मात्र धडधडीत खोटा. तोच फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेला. तू गेलीस त्या दिवसापर्यंत मी रोज ठरवत होते, रविवारी सांगू. रविवार यायचा, तू पोळ्या करून वाट बघत बसलेली असायचीस आणि माझी जीभ उचलायची नाही.

म्हणून लोक म्हणतात ना, मंगल त्या माणसाच्या हात धुऊन मागं लागली आहे, तर लागली आहे. माझ्या चुकीचा वाटाही त्याच्याकडूनच वसूल करणार. न्यायाचं आहे असं मी म्हणत नाही.

आणि त्यानं स्वतःच्या पायानं येऊन संधी दिली. सभा संपली, चहा चालू होता. तो कप घेऊन माझ्याकडं आला. आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, एक छोटंसं काम होतं.” गोदाम बदललं तेव्हा जुना माल रद्दीत गेला. ऑफिसातली प्रत कुणीतरी वाचायला नेली ती परत आणून दिली नाही. शहरातल्या दोन ग्रंथालयांत शोधलं, नाही मिळालं. तर बाईंनी केलेली ती स्कॅनची फाइल पाठवता का. नाहीतर मूळ प्रतच द्या, आठ दिवसांत परत करतो.

ज्या फाइलीला त्याच्या वकिलानं चार पानं चोरीची फाइल म्हटलं, तीच मागायला आला होता, तुझ्या फोटोपासून दहा पावलांवर, तोंडात तुझ्याच सभेची बिस्किटं.

म्हटलं, हक्क तुमचे हायत न्हवं, मग छापा की. तो म्हणाला, हक्क आहेत हो, प्रत नाही.

“प्रत आमची हाय,” मी म्हटलं. “आणि त्या पुस्तकाला रांग हाय.”

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी फोन काढला. तू साइट बंद केलीस त्या दिवशी त्या पुस्तकासाठी जेवढे थांबले होते तेवढ्यांची यादी मी जपून ठेवली होती. मोठ्यानं वाचली. अठरा नावं. बेंगळुरूची नर्स, खानापूरचे एक निवृत्त पोस्टमास्तर, पुण्यातल्या तिघी, आपल्याच गल्लीतून बाहेर पडलेल्यांच्या लेकी-नाती. चहाचे कप घेऊन माणसं भोवती गोळा झाली. वाचून झाल्यावर म्हटलं, तुमचा नंबर एकोणिसावा. एकेकाला चौदा दिवस. तो म्हणाला, आणि ही रांग सरकणार कधी? म्हटलं, तुमची नोटीस लेखी मागं घ्या आणि ज्या पेपरात आक्काला चोर म्हटलंत त्याच पेपरात ती चोर नव्हती म्हणून छापून आणा. त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकते.

तो लाल झाला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, “ताई, हे बाईंना आवडलं नसतं.”

लागलं ते मला. कारण खरं होतं. तू त्याला बसायला पाट दिला असतास, चहा केला असतास, त्याची नड ऐकून रांगेतल्या अठरा जणांना स्वतः फोन करून विचारलं असतंस, थांबाल का जरा, साहेबांना पुस्तक छापायचंय. आणि त्यानं माफी मागायच्या आधीच माफ करून मोकळी झाली असतीस. पण तू तिथं फोटोत होतीस आणि कप घेऊन उभी मी होते. म्हटलं, बाईंना काय आवडतं ते नोटीस धाडायच्या आधी विचारायचं होतं.

त्यानंतरचे आठ दिवस वाईट गेले. आपल्या भावाचा, अण्णाचा, गावाकडनं फोन, मंगे, पुस्तक निघू दे की, आक्कीचं नाव हुईल. तुझ्या शाळेतल्या बाया म्हणाल्या, छापून येतंय तर हट्ट कशाला. बरोबरच होतं त्यांचं. प्रकाशक नाद सोडून गप्प बसला असता तर पुस्तक तुझ्या कपाटात एकटं पडलं असतं, कसर लागून संपलं असतं आणि त्याबरोबर आईचं पानही. हे मला कळत नव्हतं असं नाही. ऑफिसात मी एकाचा अर्ज दुसऱ्याच्या फायलीत घालत होते. दोनदा फोन हातात घेतला, फाइल पाठवून टाकावी म्हणून. दोनदा ठेवला.

नवव्या दिवशी पत्र आलं. नोटीस मागे घेत आहोत, सदर पुस्तक एका वेळी एका वाचकास देण्यास आमची हरकत नाही. त्याच्या पाठोपाठ पेपरात खुलासाही आला, आतल्या पानावर, बोटभर जागेत. मी तो कापला आणि तुझ्या त्या हसणाऱ्या विद्यार्थ्याच्या दुकानात स्वतः जाऊन त्याच्या काउंटरवर चिकटवला.

तीन दिवसांपूर्वी निपाणीला जाऊन तुझं कपाट उघडलं. पुस्तक बाहेर काढलं, आईचं पान वाचलं, मग खालच्या कप्प्यात ठेवून दोरा बांधला आणि रांग चालू केली. पहिला नंबर त्या नर्सचा. बाकीच्या सतरा जणांना मी एकेक करून फोन केला, काय झालं ते सगळं सांगितलं. तुझं सांगितलं, त्याचं सांगितलं, माझ्या मेसेजचंसुद्धा सांगितलं. आणि म्हटलं, लवकर संपलं तरी चौदाच्या चौदा दिवस ठेवायचं. पोस्टमास्तर म्हणाले, बाईंसाठी महिनाभर ठेवतो. म्हटलं, महिना नको, नियम चौदाचा हाय.

त्याचाही फोन आला. पहिल्या स्मृतिदिनाला पुस्तक काढायचं होतं, थोडं पुढं घेता येईल का. मी म्हटलं, आमच्या आक्कानं मला, सख्ख्या बहिणीला, कधी पुढं घेतलं न्हाय. तो म्हणाला, पण वाचक लवकर परत करू शकतात ना? म्हटलं, करू शकतात की, त्यांच्या मनावर हाय.

आज चौथा दिवस. दुपारी बेंगळुरूहून त्या पोरीचा फोन आला. मावशी, न राहवून दोन ड्युट्यांच्या मधी सगळं वाचून काढलं, आज्जी भेटल्यासारखं वाटलं, आता पुढच्याला देऊन टाकू का?

म्हटलं, आणखी एकदा वाच बाळ. दहा दिवस हायत अजून तुझे.